सिगारच्या पेटीला पाणी लागते दोन थेंब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सिगार ठेवण्यासाठी घरच्या घरी पेटी, म्हणजे ह्युमिडॉर, कशी करावी याची कृती वाचली. लाकडी डबा घ्या, आतून ओल्या फडक्याने पुसा, कोपऱ्यात ओला स्पंज ठेवा, झाकण लावा, झाले. ही कृती कुठल्या तरी थंड मुलखातल्या माणसासाठी लिहिलेली दिसते. परभणी-नांदेडकडे कोणी ती जशीच्या तशी केली तर मे महिन्यात सिगार तडकतील आणि पोळ्यापर्यंत उरलेल्यांवर बुरशी चढेल. म्हणून हा जरा लांबलेला खुलासा. जागा कमी पडली तर खुशाल कात्री लावावी, पण मिठाची चाचणी आणि किड्यांचा भाग तेवढा राहू द्यावा.

तंबाखू अपायकारकच, त्यावर वाद नाही आणि कुणी सिगार ओढावा म्हणून हे लिहिलेले नाही. पण दुबई-अमेरिकेहून येणारे भाचे-पुतणे काकांसाठी डबी आणतातच, आणि ती कपाटात ठेवून महिन्याभरात तिचा भुगा होतो, हेही खरे.

आधी हिशेब मांडू. १० इंच लांब, ८ इंच रुंद, ४ इंच खोल पेटी म्हणजे साधारण ५ लिटर पोकळी. त्यात २५ सिगार सैल बसतात. ३० अंश सेल्सिअसला ५ लिटर हवेची आर्द्रता ६५ टक्के ठेवायची तर त्या हवेत वाफेच्या रूपाने पाणी असते जेमतेम ०.१ ग्रॅम. ड्रॉपरचे दोन थेंब! उलट एक मध्यम सिगार १०-१२ ग्रॅमचा धरला आणि त्याच्या वजनात १२-१३ टक्के पाणी धरले, तर २५ सिगारांत मिळून ३० ग्रॅमच्या वर पाणी आधीच मुरलेले असते. पाण्याची खरी टाकी म्हणजे तंबाखूच. पेटीने फक्त ते पाणी बाहेर जाऊ द्यायचे नाही आणि पावसाळ्यात बाहेरचे आत येऊ द्यायचे नाही. रोज एकदा झाकण उघडल्याने फार तर त्या दोन थेंबांतला थोडा भाग जातो. केसाएवढी फट मात्र रात्रंदिवस उघडी असते, आणि मेमधल्या दुपारी बाहेरची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असताना तीच फट महिन्याभरात सगळी टाकी रिकामी करते.

स्पंजाची भानगड याच्याच उलटी. साध्या पाण्यावरची हवा शंभर टक्क्यांकडे जाते, तिला ६५ वर थांबवणारे तिथे काही नसते. झाकण घट्ट असेल तर आकडा ८० च्या पुढे चढतो. झाकण सैल असेल तर स्पंज किती सोडतो आणि फट किती गिळते यांच्या ओढाताणीत जो आकडा निघेल तो आपला. एप्रिलमध्ये ही ओढाताण नशिबाने ६५ वर जमलीच, तर जुलैत बाहेरची हवाच ८० टक्क्यांच्या वर गेल्यावर ती बिघडणार हे ठरलेले आहे.

आता मोजण्याचे बघू. पेटीत हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता दाखवणारे यंत्र, नसेल तर बाकी सगळे अंदाजपंचे. तयार पेट्यांबरोबर येणारा पितळी कडीचा, काट्याचा हायग्रोमीटर दिसायला छान, पण तो १०-१५ टक्क्यांनी चुकणे नेहमीचे. छोटा डिजिटल घ्यावा, आणि तोही तपासल्याशिवाय वापरू नये. तपासायला मीठ पुरते. सोड्याच्या बाटलीचे बूच घ्यावे, ते पाऊण भाग साध्या मिठाने भरावे, वर ६-८ थेंब पाणी टाकून काडीने ढवळावे. मीठ विरघळता कामा नये. पोरे किल्ल्यासाठी वाळू भिजवतात तसे ते ओलसर, घट्ट दिसले पाहिजे. वर पाण्याचे तळे दिसत असेल तर आणखी मीठ घालावे. हे बूच आणि हायग्रोमीटर एकमेकांना न लागता झिपच्या पिशवीत घालून पिशवी बंद करावी, सावलीत ठेवावी आणि एक रात्र-एक दिवस हलवू नये. २४ तासांनी आकडा ७५ दिसला तर यंत्र खरे. ७० दिसला तर पाठीवर चिकटपट्टी लावून पेनाने ‘+५’ लिहावे आणि तेवढे धरून वाचावे. पिशवी उघडून मग आकडा बघू नये, बाहेरूनच बघावा. उघडल्यावर तो अर्ध्या मिनिटात पळतो. भिजलेल्या मिठाचा हा ७५ चा आकडा २० ते ४० अंशांमध्ये एका टक्क्यानेही हलत नाही, त्यामुळे ही चाचणी पौषात करा की वैशाखात, फरक पडत नाही.

यावरून काहींच्या डोक्यात येते की मग मिठाचे बूच पेटीतच कायमचे ठेवू. ठेवू नये. ७५ टक्के आणि वर आपली ३० अंशांची खोली, ही बुरशीची पेरणीच झाली.

सिगारच्या पुस्तकी आकड्यांत ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १८ ते २१ अंश तापमान सांगतात. आपल्याकडे दुसरा आकडा वर्षातले बरेच महिने मिळत नाही, म्हणून पहिला खाली आणावा: ६२ ते ६५. कारण असे की तंबाखूत मुरलेले पाणी तेवढेच राहिले आणि ऊन वाढले, तर बंद पेटीतली आर्द्रता थोडी वर चढते, आणि उबेत बुरशीही लवकर धरते. थंड देशात ७० ला सुखरूप राहणारा सिगार इकडे ७० ला धोक्यात असतो.

पेटी कशाची? पहिल्यांदा करणाऱ्याने लाकडाच्या नादी लागू नये, असे स्पष्ट मत आहे. चारही बाजूंनी क्लिपा असलेला, झाकणाला सिलिकॉनची रिंग असलेला ५ लिटरचा पॉलिप्रॉपिलिनचा डबा (बुडावर त्रिकोणात ५ चा आकडा असतो) सुताराने केलेल्या दहापैकी नऊ पेट्यांपेक्षा चांगले काम करतो. डबा नवाच घ्यावा. लोणच्याचा किंवा काळ्या मसाल्याचा डबा कितीही घासला तरी वास सोडत नाही, आणि सिगार तो वास असा उचलतो की विचारू नका. नव्या डब्यालाही प्लास्टिकचा वास असतोच. कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून रात्रभर भरून ठेवावा, धुऊन दोन-तीन दिवस सावलीत उघडा ठेवावा. मग एक दिवस बंद करून उघडल्या उघडल्या नाक लावावे. वास आला तर पुन्हा सोडा.

झाकण बसते की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. आत कोरडा टिश्यू ठेवावा, क्लिपा लावाव्यात आणि डबा पाण्याच्या बादलीत उलटा दाबून दोन मिनिटे धरावा. बाहेरून पुसून उघडावा. टिश्यूला ओल लागली नसेल तर डबा पास. एका कोपऱ्यात ओल असेल तर बहुधा रिंग तिथे पिळलेली असते. काढून नीट बसवली की काम होते. स्टीलचा डबा या कामाचा नाही. झाकण दाबाचे असले तरी हवा धरत नाही, आणि पहाटेच्या गारव्यात पत्रा लवकर थंड होऊन आतून दव धरतो. ते थेंब सिगारवर पडले की पान फुगून फाटते.

प्लास्टिकच्या डब्यात लाकूड घालावेच असे नाही, पण घातलेले बरे. लाकूड पाणी शोषते आणि सोडते, त्यामुळे आकडा एकदम उड्या मारत नाही. या धंद्यात ‘स्पॅनिश सीडार’ म्हणतात ते लाकूड स्पेनचेही नाही आणि सीडारही नाही. ते मध्य-दक्षिण अमेरिकेतल्या सेड्रेला ओडोराटा या झाडाचे, आपल्या कडुनिंबाच्याच कुळातले. सिगारच्या रिकाम्या लाकडी डब्या मिळाल्या तर त्या फोडून पट्ट्या कराव्यात, सर्वांत सोपे. नाही तर वखारीत तून विचारावे. हे आपल्या देशातले त्याच जवळच्या नात्यातले लाकूड. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला पूर्वी सेड्रेला टूना म्हणत, आता टूना सिलिअॅटा म्हणतात. रंधा मारल्यावर सौम्य वास येतो. ५ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या काढाव्यात, बारीक पॉलिश पेपरने घासाव्यात आणि बुडाला व दोन बाजूंना नुसत्या उभ्या-आडव्या बसवाव्यात. फेव्हिकॉल नको, पॉलिश तर मुळीच नको. पट्ट्यांमध्ये ३-४ मिलिमीटर मोकळे सोडावे, हवा खालून फिरली पाहिजे.

‘सीडार’ या शब्दाने फसून देवदार आणू नये. देवदार खरा सीडार आहे, आणि म्हणूनच त्याचा उग्र वास सिगारमध्ये उतरतो. चीड म्हणजे पाइन तर त्याहून वाईट, उन्हाळ्यात राळ गाळते. प्लायवूड आणि एमडीएफमधल्या डिंकाला फॉर्मल्डिहाइडचा वास असतो. कीड लागू नये म्हणून धान्यात घालतो तसा कडुनिंबाचा पाला घालण्याचा मोह होतो. ओला पाला बुरशी आणतो आणि वाळलेला कडवटपणा. डांबरगोळी आणि कापराचे तर नावच काढू नये.

आता आर्द्रता धरणारी वस्तू. सर्वांत निर्धोक म्हणजे दोन्हीकडून काम करणाऱ्या पुड्या, बोवेडा वगैरे नावाने ऑनलाइन मिळतात त्या. आत क्षाराचे दाट द्रावण असते, बाहेर वाफ जाऊ देणारा पण पाणी न गाळणारा कागद. आत कोरडे झाले तर पुडी वाफ सोडते, दमट झाले तर ओढून घेते. पुडीवर ६२, ६५, ६९, ७२ असे आकडे छापलेले असतात. मराठवाड्यासाठी ६५ घ्यावी. ७२ ची घेऊच नये. ६० ग्रॅमची एक पुडी २५ सिगारांना पुरते, आत लाकूड असेल तर दोन ठेवाव्यात. हाताला मऊ लागते तोवर ती जिवंत. बिस्किटासारखी कडक झाली की बदलावी. महिन्याभरात कडक होत असेल तर पुडीला दोष देऊ नये, झाकण पुन्हा बादलीत बुडवून बघावे.

पुड्या परवडत नसतील तर दुसरा मार्ग आहे, पण त्याला लक्ष लागते. प्रवासाची नवी साबणदाणी घ्यावी, झाकणाला तापलेल्या सुईने १५-२० भोके पाडावीत, आत फुलवाल्याकडे मिळणारा हिरवा फोम कापून बसवावा. अर्धे डिस्टिल्ड पाणी आणि अर्धे प्रॉपिलिन ग्लायकॉल असे ३० मिली द्रावण फोमला पाजावे, तासभर उपडी ठेवून निथळू द्यावे, ठिबकायचे थांबले की पेटीत ठेवावी. प्रॉपिलिन ग्लायकॉल औषधी दर्जाचे, रसायनांच्या दुकानातून, नाव वाचून घ्यावे. गाडीच्या रेडिएटरमधले कूलंट हे बहुधा इथिलिन ग्लायकॉल असते, ते विष आहे. ‘दोन्ही ग्लायकॉलच की’ म्हणून चालत नाही. हे द्रावण ७० टक्क्यांवर आपोआप थांबते असे सांगून विकतात. त्यावर विसंबू नये. निम्मे-निम्मे असताना त्यावरची हवा ७० च्या बरीच वर असते, आणि पाणी उडत जाईल तसे द्रावण दाट होऊन आकडा उतरत जातो. ग्लायकॉल फारसे उडत नाही, म्हणून पुढच्या वेळी फक्त पाणी घालायचे, तेही आकडा ६० च्या खाली आल्यावर १० मिलीपेक्षा जास्त नाही. मृग लागून हवा बदलली की ही साबणदाणी बाहेर काढून ठेवावी आणि ऑक्टोबरात परत घालावी. ग्लायकॉलचा खरा उपयोग एवढाच की फोमवर बुरशी धरत नाही.

पाणी कुठले, यावर पुरवणीत अवाक्षर नव्हते. आपल्या बोअरचे पाणी कसे आहे ते प्रत्येक घरच्या गिझरला ठाऊक आहे. तेच फोममध्ये गेले तर दोन महिन्यांत भोके पांढऱ्या क्षाराने बुजतात. आरओच्या पाण्यातही क्षार उरतातच. बॅटरीचे पाणी म्हणून मिळणारी सीलबंद डिमिनरलाइज्ड बाटली चालते. गॅरेजमधल्या उघड्या कॅनमधले मात्र नको, त्यात अॅसिडचा हात लागलेला असू शकतो.

लाकूड घातले असेल तर सिगार ठेवण्याआधी ते ‘पाजून’ घ्यावे लागते. कोरड्या पट्ट्या सिगारांतले पाणी ओढून घेतात, आणि नव्या पेटीत सिगार उलट लवकर वाळले अशी तक्रार येते ती यामुळेच. ओल्या फडक्याने पुसायचे नाही. एका बाजूनेच पाणी मिळाल्याने पट्टी वाकते आणि लाकडाचे तंतू उभे राहतात. ताटलीत डिस्टिल्ड पाण्याची वाटी ठेवून डबा बंद करावा. ५-७ दिवसांत आकडा ७० वर टिकला की वाटी काढावी, दोन दिवस तसाच ठेवावा, मग ६५ ची पुडी घालावी. आकडा सलग तीन दिवस ६३ ते ६७ च्या आत राहिला की सिगार ठेवावेत. घाई करणाऱ्यांनी इथेच घाई करू नये.

एवढे सांगूनही ज्यांना दिवाणखान्यात लाकडीच पेटी हवी, त्यांच्यासाठी सुताराला सांगायच्या दोन-तीन गोष्टी. बाहेरून १२ मिलिमीटर सागवान, आतून ६ मिलिमीटर तुनाचे अस्तर. खालच्या भागाचे अस्तर काठापेक्षा ६ मिलिमीटर वर आलेले असावे, म्हणजे झाकण त्यावरून घासत खाली बसते. हवा अडवणारा खरा सांधा हाच. मे महिन्यात आपल्याकडे उघड्यावर पडलेल्या फळीत जेमतेम ५ टक्के ओल असते, पेटीत ६५ टक्के आर्द्रतेला ती १२ टक्क्यांवर जाते. तेवढ्यात सहा इंच रुंदीची आडवी फळी दोन-अडीच मिलिमीटर फुगते. सुताराने मेमध्ये अस्तर ‘एकदम फिट’ बसवले आणि चिकटवले, की पाजताना तेच अस्तर पेटीचे कोपरे उघडते. म्हणून अस्तर चिकटवायचे नाही, नुसते दाबून बसवायचे, आणि रुंदीकडून दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर सोडायचे. पॉलिश फक्त बाहेरून. सांध्याला सिलिकॉन भरायचे तर व्हिनेगरसारखा आंबूस वास मारणारे नको, आणि भरल्यावर दोन आठवडे पेटी उघडी. रात्री दिवे घालवून, मोबाइलची बॅटरी चालू करून पेटीत ठेवावी आणि झाकण लावावे. कुठूनही उजेडाची रेघ दिसली तर पेटी सुताराकडे परत.

तापमानाला आपल्याकडे आर्द्रतेपेक्षा जास्त जपावे लागते. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या स्लॅबच्या खोलीत मेमध्ये कपाटाच्या आतही पारा ३८ पर्यंत जातो. माळवदाचे जुने घर अजून उभे असेल तर आतल्या खोलीतली, उत्तरेच्या किंवा मधल्या भिंतीतली देवळी ही पेटीची जागा. दोन-अडीच हात जाडीची पांढऱ्या मातीची भिंत दुपार आणि पहाट यांतला फरक गिळून टाकते, आणि सिगारला नुसत्या उष्म्याइतकाच रोजचा चढ-उतार नडतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी डबा थर्मोकोलच्या खोक्यात घालून पलंगाखाली, जमिनीलगत ठेवावा. लाइट गेली तरी पाच-सहा तास फारसा फरक पडत नाही.

कूलरच्या खोलीविषयी गैरसमज आहे. कूलर चालू असताना त्या खोलीत २८ अंश आणि ६०-७० टक्के आर्द्रता सहज असते, म्हणजे खोली अर्धी ह्युमिडॉरच झालेली असते. घट्ट डब्याला तिथे काही धोका नाही, फक्त हवेच्या झोतात ठेवू नये. एसीची हवा कोरडी; तिथे झाकणाची परीक्षा होते. पेल्टिअरवर, म्हणजे कॉम्प्रेसरऐवजी विजेने एका बाजूने गार होणाऱ्या चकतीवर, चालणारे छोटे वाइन कपाट घेऊन सिगार ठेवायची टूम शहरांत आली आहे. ही कपाटे बाहेरच्या हवेपेक्षा १०-१५ अंशच खाली जातात. बाहेर ४२ असताना आत २८-३०. तेवढ्यासाठी पैसे घालण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा रांजण बरा. मोठ्या रांजणात तळाला चार बोटे वाळू, त्यावर माठ, दोहोंच्या मधल्या फटीत वाळू, सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी वाळूत, वर ओले गोणपाट. बाहेर ४२ अंश आणि हवा २० टक्के आर्द्र असेल तर ओल्या फडक्याचे तापमान २४ च्या आसपास उतरते. माठात २७-२८ मिळाले तरी खूप झाले. अडचण एवढीच की १० बाय ८ चा डबा माठाच्या तोंडातून जात नाही. त्यासाठी रबरी रिंगेची उभट काचेची बरणी घ्यावी, सिगार उभे ठेवावेत, बरणी झिपच्या पिशवीत घालावी. लाकडी पेटी इथे कधीही ठेवू नये. पाऊस सुरू झाला की हवा दमट होते, वाळूतले पाणी उडत नाही, आणि रांजणाचा उपयोग संपतो. तेव्हा त्याची गरजही नसते.

फ्रिजमध्ये सिगार ठेवू नयेत असे सगळीकडे लिहिलेले असते. उघडे ठेवू नयेत हे बरोबर. पण बादलीच्या चाचणीत पास झालेला डबा ऐन उन्हाळ्यातले सहा आठवडे भाजीच्या कप्प्यात ठेवण्यात काही गैर नाही. बाहेर काढल्यावर मात्र झाकण न उघडता पाच-सहा तास तसाच राहू द्यावा, नाही तर गार सिगारवर दव धरते.

आता किड्यांचे. पेटी तापू द्यायची नाही याचे मोठे कारण हे. तंबाखूतला भुंगेरा, लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी, दोन-तीन मिलिमीटरचा, तांबूस तपकिरी, पाठीला कुबड असलेला. त्याची अंडी पानातच आलेली असतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. २० अंशांखाली वाढ जवळजवळ थांबते; ३० अंशांना अंड्यापासून किडा व्हायला महिना-सव्वा महिना पुरतो. हिंगोली-वसमतकडे याची ओळख करून द्यायला नको, साठवणीच्या हळदीला भोके पाडणारा टोका तो हाच. मिरची-धन्यातही असतो. म्हणून ज्या खोलीत हळदीची पोती किंवा वर्षाचे तिखट आहे तिथे सिगारची पेटी ठेवणे म्हणजे पाहुण्याला पत्ता देणे.

ओळखायची खूण: सिगार पांढऱ्या कागदावर हलकेच टिचकावा. टाचणीच्या डोक्याएवढे गोल, कातरल्यासारखे स्वच्छ भोक दिसले आणि कागदावर तपकिरी पीठ पडले, तर किडा लागलेला आहे. चिरा आणि फाटलेली कड म्हणजे कोरडेपणा, गोल भोक म्हणजे किडा. या दोहोंत गल्लत करू नये. एका सिगारला भोक दिसले तरी सगळ्यांवर उपचार करावा. प्लास्टिकच्या पन्नीतल्या सिगारची पन्नी काढू नये, तिने पसरणे थोडे लांबते. सिगार दोन झिपच्या पिशव्यांत, एकात एक, हवा दाबून काढून भरावेत. आधी एक दिवस फ्रिजमध्ये, मग उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये तीन दिवस पुरे, मग परत एक दिवस फ्रिजमध्ये, शेवटी एक दिवस खोलीत, पिशवी न उघडता. फ्रिजची पायरी गाळली तर बाहेरचे पान तडकते. एकदारी फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात बहुधा उणे १८ मिळतच नाही. तिथे आठवडाभर ठेवावे, आणि ज्या आठवड्यात लाइट फार जाते तो आठवडा टाळावा. अर्धवट गोठवण्याने अंडी मरत नाहीत. तोवर पेटी रिकामी करून, पट्ट्या ब्रशने झाडून, त्याही फ्रीझरमधून काढाव्यात. बाहेरून नवे आलेले सिगार आधी असे गोठवूनच पेटीत घालण्याची सवय लावली तर हा सगळा खटाटोप वाचतो.

वाळलेला सिगार परत आणता येतो, पण सावकाश. बाहेरचे पान पातळ, आतला गाभा जाड. एकदम दमट हवेत ठेवला तर गाभा फुगतो आणि पान उसवते. दोन आठवडे पुडीशिवाय नुसत्या बंद डब्यात इतर सिगारांबरोबर, मग ६२ च्या पुडीबरोबर तीन-चार आठवडे. बोटांनी हलके दाबल्यावर करकर न वाजता दबून परत आला, की झाले. सुगंधी तेल मात्र उडून गेलेले असते, ते परत येत नाही. त्रिचीचे चिरूट या सगळ्यातून वगळावेत. ते मुळातच कोरडे ओढायचे, वास उग्र. त्यांना वेगळा डबा.

शेवटी पुरवणीतला एक मुद्दा. सिगारवर पांढरा थर आला की तो ‘मुरल्याची खूण’ समजावी, असे छापले होते. हा समज जुना आहे आणि यामुळे कितीतरी डबे वाया जातात. भिंगाखाली धरावा: थर लोकरीसारखा, केस उभे असलेला, एका जागी ठिपक्याठिपक्यांनी वाढलेला, किंवा हिरवट-निळसर असेल तर ती बुरशी. सिगारच्या तोंडाकडे, जिथे पेटवतात तिथे, आतवर बुरशी गेली असेल तर तो फेकावा. फक्त पानावर असेल तर बाजूला काढून, कोरड्या कापडाने पुसून, वेगळ्या डब्यात ६२ ला महिनाभर ठेवून बघावा. पेटी आतून सर्जिकल स्पिरिटने पुसून दोन दिवस उघडी ठेवावी, पट्ट्या नव्या घालाव्यात, आणि आधीचा हायग्रोमीटर मिठाच्या बुचाबरोबर पुन्हा एक रात्र-एक दिवस पिशवीत ठेवावा. अशा वेळी तो बहुतेकदा १० टक्के कमी दाखवताना सापडतो.

कळावे,
आपला एक वाचक,
परभणी